तालीम मंडळ, सेक्टर बावीस

भूल देणारा माणूस स्वतः तरी शुद्धीवर असावा, एवढी अपेक्षा कुठलाही पेशंट करतो. आमचे सर सोमवार ते शनिवार ती चोख पुरी करत. रविवारी मात्र त्यांच्या शुद्धीची हमी त्यांच्या बायकोनंही कधी दिली नाही.

मी परभणीहून चंदीगडला आले ती भूलशास्त्रात एमडी करायला. संस्था मोठी, विभाग मोठा, आणि विभागात मराठी बोलणारे हे एकच प्राध्यापक, तेही कोल्हापूरचे. फोनवर आईला हे सांगितलं तेव्हा तिला हायसं वाटलं. आपलं माणूस आहे, सांभाळून घेईल, असं म्हणाली. आपल्या माणसानं पहिल्याच शनिवारी मला गाठून विचारलं की उद्या ड्युटी आहे का. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. मला वाटलं, आता घरी जेवायला बोलावणार. त्यांनी पहाटे इंडस्ट्रियल एरियात बोलावलं.

जानेवारीतली चंदीगडची पहाट ज्यानं पाहिली नाही, त्याला या आमंत्रणातला दुष्टपणा कळायचा नाही. पाहिली असं म्हणायचं, पण खरं तर काहीच दिसत नाही. दोन कारखान्यांच्या पाठभिंतींमध्ये एक पटांगण होतं, आणि धुक्यातून ब्लेझर आणि माकडटोपी घातलेले आमचे प्राध्यापक एका दोरीला बांधलेलं काहीतरी जड फरफटत येत होते. जवळ आल्यावर कळलं, ते जुन्या लाउडस्पीकरमधलं लोहचुंबक होतं. आजूबाजूच्या वर्कशॉपांतला लेथचा चुरा, खिळे, तुटके स्क्रू उडून त्या मैदानात येत आणि घसरणाऱ्या पोरांचे गुडघे फाडत. म्हणून खेळ सुरू व्हायच्या आधी सर सगळं मैदान चुंबकानं विंचरून काढत. मधूनमधून थांबून चुंबकाला चिकटलेला लोखंडी कचरा डब्यात झटकत. दुसऱ्या कुणी दोरी हातात घेतली तर चिडत. तुम्ही लोक कोपरे सोडता, असं त्यांचं म्हणणं.

मला त्यांनी एक पिशवी दिली. आत दुखण्यावर मारायचा स्प्रे, कापूस, पट्ट्या. म्हणाले, "परभणी, तू इथं रेषेवर थांबायचं. कोण पडला की पळायचं." तेव्हापासून मी परभणी झाले. सर कुणालाच नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. विभागात एक रोहतक होते, एक लखनौ होते, आणि पलक्कड नावाची एक फार शांत मुलगी होती. माझं एमडी झालं, मी तिथंच नोकरीला लागले, माझ्या हाताखाली विद्यार्थी आले, तरी भरल्या वॉर्डातून "ए परभणी" अशी हाक यायची आणि माझी सगळी प्रतिष्ठा वाऱ्यावर जायची. मैदानावर तर मी स्प्रेवाली मैडम होते. रविवार काही सुटला नाही.

फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आमच्याकडे रविवार झोपण्यासाठी असतो. पण सरांना त्याची फिकीर नव्हती. त्यांना संघ चालवायचा होता, आणि त्यासाठी ते माणसं कुठूनही उचलत. सगळ्यात जास्त उचलली ती दवाखान्यातून. ऑपरेशनच्या आधी पेशंट भूलतज्ज्ञाकडे तपासायला येतो. आम्ही त्याचं तोंड उघडून बघतो, दात हलतायत का पाहतो, छाती ऐकतो, नाडी मोजतो. सरांच्या बोटांखाली एखाद्याची नाडी संथ आणि भरदार लागली की त्यांचे डोळे लकाकत. मग ते त्याला पायजमा वर करायला सांगत. हर्नियाच्या ऑपरेशनला पोटरी कशाला बघतात, हे विचारायची त्या बिचाऱ्याची छाती होत नसे. पोटरी पसंत पडली की सर विचारत, खेळतोस का. आमचा गोलकीपर असा अपेंडिक्समधून आला होता. तो दवाखान्याच्या मागच्या बाजूला लिफ्ट चालवायचा, आणि टाके सुकायच्या आत सर त्याला उंच चेंडू कसा धरायचा ते लिफ्टमध्येच शिकवू लागले होते.

टेबलावर झोपलेल्या पेशंटला औषध सोडताना आम्ही मुलाबाळांची नावं विचारतो, म्हणजे त्याचं लक्ष दुसरीकडे जातं. सर विचारत, टीम कुठली. एकदा हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याची बायको होती, मूळची कोल्हापूरची. तिनं अर्धवट गुंगीत सरांच्या पेठेशी कायम वैर असलेल्या समोरच्या पेठेच्या टीमचं नाव घेतलं. सरांनी सुई तशीच धरून माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाले, "हिला जरा उशिरा झोपवू. आधी विचार तरी बदलू दे." ती बाई शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य हेच बोलली की विचार बदललेला नाही. सर दिवसभर खूश होते.

कोल्हापूरचा फुटबॉल ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी एवढं सांगते, की तिथले संघ पेठांचे आणि तालमींचे. कुस्तीच्या ज्या तालमी होत्या त्यांनीच पुढं फुटबॉलचे संघ उभे केले. माणूस एका तालमीचा म्हणजे त्याच तालमीचा. सामन्याच्या आठवड्यात समोरच्या पेठेत दिलेल्या मुलीलाही माहेरी यायची चोरी, असं सर सांगायचे. त्यात किती खरं आणि किती कोल्हापुरी ते मला माहीत नाही. पण एक तालीम सोडून दुसरीकडे जाणं याला त्यांच्या लेखी माफी नव्हती. संस्थेनं त्यांना झाडाझुडपांतला ऐसपैस बंगला देऊ केला होता, तो नाकारून ते बावीस सेक्टरमध्ये भाड्यानं राहत. बस स्टँड जवळ, खाली दुकानं, वर भाडेकरू, रस्त्यावर सदा वर्दळ. ही पेठ आहे, असं ते म्हणत. सगळ्या शहराला नुसते नंबर दिलेत, त्यातल्या एका नंबरला तरी माणसात आणतो, असंही म्हणत.

संघाला त्यांनी नाव दिलं 'बावीस सेक्टर तालीम मंडळ'. देवनागरीत आणि गुरुमुखीत पाटी रंगवून घेतली आणि घराच्या फाटकावर लावली. आपल्याला वाटतं त्यात काय एवढं. पण उत्तरेत तालीम म्हणजे शिक्षण. पाटी लागल्याच्या आठवड्यातच बाया येऊ लागल्या. कुणी पोराचं बोट धरून, कुणी प्रगतिपुस्तक घेऊन. कितवीपर्यंत शिकवता, इंग्रजी आहे का, संध्याकाळची वेळ आहे का. सर प्रत्येकीला समजावत की इथं तालीम म्हणजे तशी तालीम नाही. त्यांचं हिंदी असं की समजावल्यावर गोंधळ वाढायचा. शेवटी काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, वैतागल्या. त्या कोल्हापूरला शाळेत गणित शिकवायच्या आणि चंदीगडला येऊन घरात बसल्या होत्या. म्हणाल्या, "येऊ देत की. तुमची तालीम मैदानात, माझी व्हरांड्यात." आणि खरोखरच व्हरांड्यात सतरंजी पडली. पाटी कुणी बदलली नाही. बायकांच्या दृष्टीनं ती बरोबरच होती.

बिट्टू त्या सतरंजीवरून आला. त्याचे वडील बस स्टँडच्या मागं पंक्चर काढायचे, आई घरी शिवणकाम करायची. सहावीत गणितात नापास झाला म्हणून आई त्याला घेऊन आली. त्याला गणित फारसं आलं नाही, हे काकूसुद्धा कबूल करतात. पण अपूर्णांक सुटेना की तो व्हरांड्याच्या पायरीवर पायानं लिंबू नाचवत बसे, आणि एका संध्याकाळी सरांनी ते पाहिलं. दवाखान्यातून येऊन अजून बूटही काढले नव्हते. बराच वेळ ते फाटकाशी उभे राहिले. मग आत येऊन काकूंना म्हणाले, ह्याला मी नेतो. काकू म्हणाल्या, गणित झाल्यावर न्या. असं पुढं कितीतरी वर्षं चाललं. आधी गणित, मग मैदान. बिट्टूच्या आईला विचाराल तर ती सांगेल, मुंडा, म्हणजे मुलगा, डॉक साबच्या तालमीत शिकतो. आणि ते तिला जसं वाटत होतं तसं खरंही होतं.

सरांना एका गोष्टीचा फार आनंद होता. पंजाबी पोरांना ळ म्हणता येतो. हिंदी बोलणाऱ्यांकडून पळ चं पल आणि बाळ चं बाल ऐकून ज्याचे कान किटले आहेत, त्यालाच हा आनंद कळेल. सर मैदानावर मराठीतच ओरडायचे. पळ, वळ, धर, सोड, मागं बघ. पोरांनीही ते शब्द उचलले. एकमेकांना मराठीत हाका मारत ती पंजाबी पोरं खेळू लागली आणि समोरच्या संघाला काय चाललंय कळेना. एकदा पंचानं मला बाजूला घेऊन विचारलं की ही साउथची भाषा आहे का. मी हो म्हणाले. उगाच कशाला बिचाऱ्याला त्रास.

आमचा संघ फार जिंकत होता असं नाही. पोरं कामावरची. कुणी नट-बोल्टच्या कारखान्यात, कुणी शोरूमच्या गोदामात, कुणी आमच्याच दवाखान्यात. सराव शिफ्टच्या भोंग्यावर सुरू व्हायचा आणि भोंग्यावर संपायचा. सर मैदानाच्या कडेला कधी थांबत नसत. आपल्या गोलच्या जाळीमागं उभं राहून सामना बघत आणि गोलकीपरशी सतत बोलत. त्यातलं निम्मं फुटबॉलविषयी असायचं, निम्मं त्याच्या बहिणीच्या लग्नाविषयी. सामना झाला की जिंको वा हरो, सगळे बावीस सेक्टरात जेवायला. काकू तांबडा रस्सा करत. गावाहून आलेली कांदा-लसूण चटणी त्यात पडे. बटर चिकनवर वाढलेल्या त्या पोरांच्या डोळ्यांतून पाणी येई, आणि सर तृप्त होऊन म्हणत, बघ, कसे मनापासून जेवतायत.

मग विकास आला. मी थट्टा करत नाही, लोक तोच शब्द वापरायचे. देशात फुटबॉल वाढला पाहिजे, क्लब व्यावसायिक झाले पाहिजेत, अशी भाषणं होऊ लागली. तिकडे शहराबाहेर मुल्लानपूरला जिथं गव्हाची शेतं होती तिथं इमारतींचे सांगाडे उभे राहिले आणि त्यांच्यामध्ये एका खासगी अकादमीचं मैदान झालं. कृत्रिम हिरवळ, दिवे, मुलांना राहायची खोली, खायला अंडी-दूध, परदेशात शिकून आलेला प्रशिक्षक. सर एकदा ते बघून आले. हिरवळीवर चुंबक फिरवायची गरज नाही, याचं त्यांना वाईट वाटलं असावं. म्हणाले, "आपल्याकडं विकास झाला की पहिलं काय होतंय? मैदानाला कुलूप लागतंय." ते काही अगदी खोटं नव्हतं. पण मी पाहिलंय, तिथली मुलं सुंदर खेळतात, आणि गुडघे फुटत नाहीत.

शहरातल्या लीगचेही नियम बदलले. क्लबला स्वतःचं मैदान हवं, शिकलेला प्रशिक्षक हवा, लहान मुलांचे संघ हवेत. जे क्लब आधीपासून आहेत त्यांना सवलत, पण खालच्या गटात जो शेवटी राहील तो बाहेर, आणि पुन्हा यायचं तर नव्या नियमांनी. याचा अर्थ आम्हाला नीट कळत होता. एकदा बाहेर पडलो की तालीम मंडळ संपलं. त्या वर्षी शेवटचा सामना राहिला होता. तो जिंकला तर राहणार होतो, नाही तर नाही. आणि जिंकायचा तर बिट्टू हवा होता, कारण गोल करणारा तो एकटाच होता.

नेमकं तेव्हाच मुल्लानपूरच्या प्रशिक्षकानं बिट्टूला पाहिलं. त्याला तिथं जागा देऊ केली. राहणं, खाणं, शिकणं, आणि पुढं मोठ्या लीगमध्ये जायची खरीखुरी संधी. एकोणीस वर्षांच्या पोराला अशी संधी दुसऱ्यांदा येत नाही. अट एवढीच, की खेळाडूंच्या नोंदणीची मुदत संपायच्या आत आमच्या क्लबनं त्याला सोडायला हवं. मुदत शनिवारी रात्री संपत होती. आमचा सामना रविवारी होता.

बिट्टूनं हे सरांना मैदानावर सांगितलं तेव्हा मी रेषेवर होते. खाली मान घालून, बुटाच्या टोकानं माती उकरत तो बोलला. सर रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्या त्या हिंदीत म्हणाले की पेठ सोडून जायचं नसतं, बेटा. रविवारी खेळ, मग बघू. मग म्हणजे कधी, हे बिट्टूनं विचारलं नाही. मान हलवून तो पळायला गेला. त्यानं त्यांचा शब्द कधी मोडलाच नव्हता.

मी मात्र गप्प बसले नाही. गाडीत बसल्याबरोबर सरांना म्हटलं, हे चूक आहे. त्या पोराचं आयुष्य आहे, आपली पाटी राहावी म्हणून ते अडवायचं नाही. सरांनी गाडी सुरू केली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटरात ते मला "डॉक्टर" म्हणाले. तो सगळा आठवडा मी डॉक्टर होते. लोकांना वाटेल, असते कुणी कुणी डॉक्टर. पण मला रडू यायचं बाकी होतं.

शनिवारी संध्याकाळी मी बावीसला गेले. काकू व्हरांड्यात पोरांना गुणाकार घालून मटार सोलत बसल्या होत्या. मीही बसले. सर आत होते. काकूच हळू आवाजात सांगू लागल्या. सर तरुणपणी त्यांच्या तालमीचे खेळाडू होते, डाव्या बाजूनं खेळायचे. एका वर्षी अंतिम सामना आला आणि त्याच दिवशी त्यांची मेडिकलची प्रवेश परीक्षा. ते परीक्षेला गेले. तालीम हरली. त्यानंतर पेठेतलं कुणी त्यांच्याशी बोललं नाही. लग्न करून काकू त्या घरात आल्या तेव्हाही वरातीला पेठेतलं कुणी नव्हतं. आम्हाला सर ही गोष्ट नेहमी हसत सांगायचे, परीक्षेत पास झालो आणि पेठेत नापास, अशी. वरातीचं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "त्यांना वाटतं, आपण केलं ते पोरानं करू नये. बाकी काही नाही गं त्यांच्या मनात."

तेवढ्यात फाटक वाजलं. बिट्टूची आई होती. हातात लाडवांचा डबा, डोक्यावर ओढणी नीट घेतलेली. मला वाटलं आता रदबदली करायला आली. सरांनाही तेच वाटलं असणार, कारण बाहेर येताना त्यांचा चेहरा ताठ झाला होता. पण तिनं डबा पुढं केला आणि म्हणाली, "मुँह मीठा करो जी. आपके यहाँ मुंडे की तालीम पूरी हो गई."

आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो. बिट्टूनं घरी फक्त एवढंच सांगितलं होतं की मुल्लानपूरच्या मोठ्या संस्थेत आपली निवड झाली. सरांनी अडवलंय, हे सांगितलंच नव्हतं. तिच्या हिशेबानं सगळं सरळ होतं. सहावीत पोरगा इथं घातला, डॉक साब आणि त्यांच्या मैडमनी त्याला इतकी वर्षं शिकवलं, आता इथलं शिक्षण संपलं आणि वरच्या शाळेनं बोलावलं. त्याबद्दल ती आभार मानायला आली होती.

सर चाचरले. त्यांना मी कधी चाचरताना पाहिलं नव्हतं. कसंबसं म्हणाले, "अभी थोडा बाकी है, बहनजी."

ती हसली. "उस्तादों को तो हमेशा बाकी ही लगता है. पर तालीम तो पूरी होने के लिए ही होती है ना, डॉक साब? पूरी हुई, तभी तो बच्चा आगे जाएगा."

सरांनी लाडू घेतला. तो हातात तसाच धरून ते व्हरांड्यातल्या पोरांकडे बघत होते. सतरंजीवर तिघं-चौघं गुणाकार करत बसली होती, त्यांतलं कुणीही इथं जन्मभर राहायला आलेलं नव्हतं. बिट्टूची आई आणखी काहीबाही बोलत होती, मुल्लानपूरला थंडी जास्त असते का, रजई द्यावी का. काकू तिला उत्तरं देत होत्या. सर आत गेले आणि थोड्या वेळानं आतून हाक आली. "परभणी, ते बटण कुठलं?"

क्लबची ती सगळी कॉम्प्युटरवरची कामं मीच करायची. मी आत जाऊन पान उघडून दिलं, बिट्टूचं नाव दाखवलं, त्याच्यासमोरचं बटण दाखवलं. दाबू का, असं मी विचारलं. नको म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, वाकून नाव पुन्हा वाचलं आणि स्वतः बटण दाबलं. झालं का, असं विचारलं. झालं म्हटल्यावर म्हणाले, एवढंच असतंय होय. आणि मग तो लाडू खाल्ला.

रविवारी आम्ही हरलो. त्यात सांगण्यासारखं फार नाही. पोरं जीव तोडून खेळली, गोलकीपर दोनदा असा झेपावला की मी स्प्रे घेऊन धावले, पण गोल करायला कुणी नव्हतं. शिट्टी वाजली आणि बावीस सेक्टर तालीम मंडळ लीगमधून बाहेर गेलं. सर जाळीमागून पुढं आले, त्यांनी समोरच्या संघाच्या प्रत्येकाशी हात मिळवला, मग आमच्या प्रत्येकाशी. कुणी रडत होतं त्याला रडू दिलं. चला जेवायला, म्हणाले.

जेवायला कुणाला भूक नव्हती. तरी सगळे आले, कारण न जाणं कुणाला सुचलं नाही. व्हरांड्यात पंगत बसली. काकूंनी रस्सा वाढला. मी पाण्याचा तांब्या आणायला उठले तेव्हा मला फाटकापलीकडे बिट्टू दिसला. अंगात अकादमीचा नवा ट्रॅकसूट होता. फाटक उघडंच होतं, पण तो बाहेर, रस्त्याच्या कडेला उभा होता. कधीपासून उभा होता कोण जाणे. पोरांनीही त्याला पाहिलं. गोलकीपरनं ताटात मान खाली घातली. कुणीतरी पुटपुटलं, की आता काय बघायला आला. काकू म्हणाल्या, येईल की, दार काय बंद आहे.

सरांचा घास हातातच राहिला. ते उठले आणि उष्ट्या हातानं, अनवाणी, फाटकाकडे गेले. मी तांब्या घेऊन पायरीवर होते, म्हणून मला ऐकू आलं.

बिट्टू म्हणाला, "सर जी, मेरी वजह से हार गए."

सर म्हणाले, आत चल, रस्सा गार होतोय. तो हलला नाही. म्हणाला, मैं तो अब दूसरी टीम का हूँ. आत सगळे बसलेत, मी कसा येऊ.

सर फाटकाबाहेर रस्त्यावर आले. मग बोलले ते मराठीतच बोलले. "डॉक्टर झाल्यावर मी गेलो होतो रे पेठेत. तालमीच्या दारात उभा राहिलो. आत सगळे होते, पत्ते खेळत होते. मला बघितलं त्यांनी. लई वेळ उभा होतो. कोण बाहेर आलं नाही, मग मी परत फिरलो. इतकी वर्षं मला वाटायचं, मी आत जायला पाहिजे होतं. तसं नसतंय. आतल्या माणसानं बाहेर यायचं असतंय."

हे काकूंनाही माहीत नव्हतं. त्या माझ्या मागं येऊन उभ्या होत्या आणि त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. माझ्या डोळ्यांसमोरचं सगळं धूसर झालं होतं, आणि आज मी ते चटणीवर ढकलणार नाही. त्या भल्या माणसावर माझं फार प्रेम होतं.

बिट्टूला त्यातलं किती समजलं, मला सांगता येणार नाही. सरांनी त्याचा हात धरला. नव्या ट्रॅकसूटच्या बाहीवर रश्श्याचा लाल डाग पडला, तो दोघांनीही पाहिला नाही. दोघं आत आले. काकूंनी डोळे पुसून ताट मांडलं. आणि गोलकीपरनं, वर न बघता, सरकून जागा केली.